मध उठून बसत नाही

आमच्या सरांना अख्खं कॉलेज मागून 'भोकर' म्हणायचं, आणि ते सरांना पक्कं माहीत होतं. एकदा जिन्यात दोन पोरं "भोकर आला रे" म्हणत पळाली, तर सर वरून ओरडले, "कच्चं की पिकलेलं, तेवढं तरी सांगा!" मी त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होते, म्हणून पोरं मला 'लोणचं' म्हणत. मला राग यायचा. सरांना मजा वाटायची.

भोकर म्हणजे आपलं लोणच्याचं भोकर. कच्चं असतं तोवर बरणीत जातं, पिकलं की आत चिक धरतं. बोटाला लागला तर तार सुटते आणि दिवसभर बोटं एकमेकांना सोडत नाहीत. सर सटाण्याकडचे, बागलाणातले. लहानपणी त्यांनी याच चिकानं पतंग चिकटवलेले. बाकीची पोरं मोठी झाली आणि चिक विसरली. सर फिजिक्स शिकले, नाशिकला प्राध्यापक झाले आणि फिरून त्या चिकापाशीच येऊन बसले.

असे पदार्थ धड पाणी नसतात आणि धड रबरही नसतात. दाबले की वाहतात, दाब काढला की थोडे मागं येतात. किती वाहतात आणि किती मागं येतात हे मोजायचं, हा आमचा विषय. चांदवडला घरी कुणी विचारलं की मी सांगायचे, "दोन थाळ्यांमध्ये चिक दाबते." आई म्हणायची, "त्याला एवढं शिकावं लागतं होय?"

दाबयंत्र सरांनी स्वतः बनवलेलं. नाशकात शालिमारला एक जुना छापखाना मोडीत निघाला, तिथून बाइंडिंगच्या प्रेसची लोखंडी चौकट उचलली. अंबड एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याच्या डोक्यावर बसून स्टीलच्या दोन गुळगुळीत थाळ्या कातून घेतल्या. खालची थाळी पक्की, वरची सरकणारी. वर एक आडवा दांडा, त्याला वजनं अडकवायची. वजन टाकलं की वरची थाळी चिकावर दाबत जाते, आणि ती किती सरकली ते चौकटीवर बसवलेल्या डायलचा काटा दाखवतो, अगदी केसाच्या जाडीहून कमी असलं तरी. वजन काढलं की चिक थाळीला जरासं वर ढकलतो आणि काटा मागं येतो. याला सर म्हणायचे, "उठून बसला."

या यंत्राभोवती सरांचे जे सोवळ्याचे नियम होते, त्यांनी आमच्या नाकात दम आणला होता. पहिला नियम तेलाचा. थाळीला तेलाचं बोट लागलं की चिक तिला धरत नाही, सटकतो, आणि आकडा भलताच येतो. म्हणून डोक्याला तेल लावून प्रयोगशाळेत यायचं नाही. सर दारात उभे राहून पोरांची डोकी हुंगायचे, बरं का! मुलींची हुंगता येत नाहीत म्हणून विचारायचे, "शपथेवर सांग, शेवटचं तेल कधी?" आमचे लॅब अटेंडंट दिंडोरीकडचे, त्यांना आम्ही सगळे मामा म्हणायचो. त्यांना जन्मापासून खोबरेलाची सवय. ते एक दिवस वैतागून म्हणाले, "सर, तुमच्या चिकापायी डोकं तापून निघालंय माझं, लय आग होती." सरांनी दुसऱ्या दिवशी त्यांना मोठा रुमाल आणून दिला. तेल लावा आणि वरून बांधा म्हणाले. तेव्हापासून मामा बारा महिने मुंडासं बांधून फिरत.

दुसरा नियम झोपेचा. चिक थाळ्यांमध्ये ठेवला की लगेच दाबायचं नाही, अर्धा तास थांबायचं. "बाटलीतून काढला, चमच्यानं खरवडला, थाळीवर थापला. एवढं सोसलंय त्यानं. ते अंगातून जाऊ दे. निजू दे त्याला." त्या अर्ध्या तासात कुणी दार आपटायचं नाही, स्टूल ओढायचं नाही, शिंक आली तर बाहेर जायचं. एकदा विद्यापीठाची समिती पाहणीला आली, तर सरांनी दार किलकिलं करून तोंडावर बोट ठेवलं. "निजलंय." समितीतल्या बाईंना वाटलं, आत कुणाचं तरी तान्हं बाळ आहे. त्या बिचाऱ्या वीस मिनिटं व्हरांड्यात कुजबुजत उभ्या राहिल्या. प्राचार्यांनी नंतर सरांना केबिनमध्ये बोलावून काय ऐकवलं, देव जाणे. सर परत आले ते म्हणतच, "रीडिंग काय आलं?"

बाहेर गेले तरी हाताला चैन नाही. काहीही घट्टसर दिसलं की ते दाबून बघणार. मामांच्या मुलीच्या लग्नात आम्ही दिंडोरीला गेलो होतो. पंगत बसली, श्रीखंड वाढलं, आणि सरांनी एक वाटी पालथी घालून तिच्या बुडावर श्रीखंड थापलं, वर दुसरी वाटी दाबली, उचलली आणि डोळ्यांसमोर धरून बघत बसले. शेजारी नवरदेवाचे काका. मामा धावत आले. "सर, जेवा ना आता, पाया पडतो!" सर खणखणीत आवाजात म्हणाले, "मामा, चक्का नीट टांगलेला नाही. पाणी राहिलंय." अख्ख्या पंगतीनं ऐकलं. मामा आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत, आणि सर रोज मला विचारायचे, "त्यांना झालंय काय?" त्यांना खरंच कळत नव्हतं.

पण शिकवायला म्हणाल तर तोड नाही. बी.एससी.च्या पहिल्या प्रॅक्टिकलला ते फळ्यावर नुसतं एक शून्य काढायचे. "मोजायच्या आधी, काहीच नसताना उपकरण काय दाखवतं ते बघा. रिकाम्यालाच दोन दाखवत असेल, तर तुमचे पाच हे तीन आहेत." शून्यातली चूक न लिहिता कुणी जर्नल आणलं की पान फाडून हातात देत. मुली रडायच्या. सर म्हणत, "रड, पण लिहून आण."

त्या भोकराच्या चिकावर सरांचा एक शोधनिबंध परदेशातल्या मोठ्या नियतकालिकात छापून आला होता. त्याला वीसेक वर्षं झाली असतील. भोकराचा चिक दाबल्यावर फार मोठ्या प्रमाणात उठून बसतो, इतका की असा दुसरा झाडाचा चिक नाही, असं त्यात होतं. कुणा परदेशी प्राध्यापकानं त्यांना हातानं लिहिलेलं पत्र पाठवलं होतं. ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून टेबलाच्या खणात ठेवलेलं. महिन्यातून एकदा तरी ते काहीतरी शोधायच्या निमित्तानं बाहेर निघायचं. सरांना मूल नव्हतं, पुढं बढती मिळाली नाही, पुस्तक लिहून झालं नाही. नावावर म्हणाल तर तो एक निबंध. माझा प्रबंध त्याच्याच पायावर उभा होता.

आता माझं सांगते. मी चांदवडच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते. कायमच्या जागेसाठी पीएच.डी. हवी होती. प्रबंध जवळजवळ तयार होता, आणि सर एकतीस मेला निवृत्त होणार होते. ऑफिसनं बजावलं होतं की त्याच्या आत गाईडची सही झाली नाही तर गाईड बदलावा लागेल. आणि भोकर दाबणारा दुसरा गाईड मी कुठून आणणार होते? घरी वडील रोज एकच विचारत, "सही झाली का गं?"

एप्रिलच्या एका दुपारी मी रिकामी बसले होते. साठवलेला चिक संपला होता, झाडावरची भोकरं अजून हिरवी होती. मामांना खोकला झालेला, त्यांच्या टेबलावर मधाची बाटली. मला काय बुद्धी झाली कोण जाणे, मी थाळीवर चमचाभर मध घातला. मध घट्ट असतो, पण त्याला मागं येणं ठाऊक नाही. दाबला की पसरणार, आणि पसरला की तसाच राहणार. हे आमच्यातलं शेंबडं पोरही सांगेल. वजन टाकलं, वाट पाहिली, वजन काढलं. काटा मागं आला. भोकराच्या चिकाला जेवढा यायचा, जवळजवळ तेवढाच.

मी तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच. मी काही हरिश्चंद्र नाही. थाळी पुसावी आणि शेवटच्या एसटीनं घरी जावं, हाच विचार आधी आला. पण एवढं विचित्र काहीतरी पाहिलं आणि ते कुणाला सांगायचं नाही, हे मला जमेना. आणि सांगायला सरांशिवाय होतं कोण?

सर चहा घेत होते. "मध उठून बसला?" म्हणून हसले. "मध उठून बसत नाही, बाई. पुन्हा कर."

मी त्यांच्यासमोर केलं. ते डायलला नाक लावून उभे राहिले. काटा मागं आला. सर सरळ झाले आणि म्हणाले, "मधात भेसळ आहे." आणि चहा तसाच टाकून घरी गेले.

मग सुरू झाला तो मधाचा खटला! मामांनी सुरगाण्याकडच्या ओळखीच्या माणसाकडून खरा रानातला मध आणला, पोळं पिळून. तोही उठून बसला. सर म्हणाले, "मेण राहिलंय त्यात." मेण गाळलं. "आता पातळ झाला." तो पातळही नव्हता, पण म्हणाले. मग थाळी पुसायच्या कापडावर आळ आला, मग प्रयोगशाळेच्या पंख्यावर, मग माझ्यावर. "तुझ्या हाताला तेल आहे." मी तीन वर्षं डोक्याला तेलाचा थेंब लावला नव्हता! माझाही तोल गेला. म्हटलं, "सर, मधाला दोष, मेणाला दोष, मला दोष. एक यंत्र तेवढं धुतल्या तांदळासारखं!"

सर पिशवी उचलून निघून गेले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी प्रयोगशाळेत येणं सोडलं. मस्टरवर सही करायचे आणि लायब्ररीत जाऊन बसायचे. मामा बघून आले. "मॅडम, पुस्तक उघडं हाय पण पान काय उलटत नाय. घरातलं माणूस गेल्यावानी बसलेत."

मला कळलं होतं की दुखणं कुठं आहे. चौकट. वजन टाकलं की ती जुनी लोखंडी चौकटच केसभर वाकत असणार, आणि वजन काढलं की सरळ होत असणार. डायल तिच्यावरच बसवलेला, मग काटा हलणारच. चिक थोडाच उठत होता, उठत होतं ते यंत्र. खात्री करणं पाच मिनिटांचं काम. थाळ्यांमध्ये स्टीलचा तुकडा ठेवायचा आणि पूर्ण वजन टाकायचं. स्टील काही वाहत नाही. तरी काटा हलला, तर ती शून्यातली चूक. पोरांची जर्नलं फाडणाऱ्या माणसानं आपल्या यंत्राचं शून्य कायम नुसत्या थाळ्या टेकवून बघितलं होतं, वजन टाकून एकदाही नाही. दुसऱ्याच्या पोराचं नाक वाहतंय ते बाईला लांबून दिसतं, आपलं पोर मात्र तिला नेहमी स्वच्छच वाटतं. तसंच होतं ते. स्वतः उभं केलेलं यंत्र ना!

पण सरांच्या मागं ते तपासणं मला चोरीसारखं वाटत होतं. आणि तपासून तरी काय, माझी तीन वर्षांची मोजमापं त्याच यंत्रावरची. सरांचं खोटं ठरलं की माझंही ठरणार. एप्रिल संपत आला. वडिलांचा फोन मी उचलेनाशी झाले.

एकोणीस दिवस झाले. विसाव्या दिवशी सकाळी मी लायब्ररीत गेले आणि सरांसमोर बसले. रात्रभर घोकलेलं वाक्य एका दमात म्हणून टाकलं. "सर, मधाचं राहू द्या. मी कुठं लिहीत नाही, कुणाला सांगत नाही. तुम्ही सही करा, मी जाते."

मला वाटलं, त्यांना सुटल्यासारखं होईल. सरांनी मान वर केली. त्यांना रागावलेलं मी शंभरदा बघितलं होतं, पण असं नाही.

"हे तू शिकलीस माझ्याकडे?" ते हळू म्हणाले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी उठायला लागले, तर त्यांनी बस अशी खूण केली. पँटच्या खिशातून रुमाल काढला, टेबलावर ठेवला, उलगडला. आत स्टीलची एक चकती होती, थाळीच्या मापाची, नवीकोरी.

"तू भांडलीस त्याच दिवशी अंबडला जाऊन कातून आणली," सर म्हणाले. "रोज खिशात घालून येतो. वर जिना चढवत नाही."

आम्ही वर गेलो. मामांनी न सांगता थाळ्या स्पिरिटनं पुसल्या. सरांनी चकती मधोमध ठेवली, वरची थाळी टेकवली आणि स्टुलावर बसले. घड्याळ लावलं. अर्धा तास! स्टीलला कसली आलीय झोप? मामांनी माझ्याकडे बघितलं, मी मामांकडे. पण सर डोळे मिटून बसले होते. आम्ही दोघंही गप्प उभे राहिलो.

अर्ध्या तासानं सर उठले, स्वतः वजन टाकलं. काटा हलला. वजन काढलं. काटा मागं आला, मधाएवढाच.

सरांनी वजन जमिनीवर ठेवलं. सटाण्याला आईला फोन करताना तेवढी त्यांच्या तोंडी अहिराणी यायची, एरवी कॉलेजात कधी नाही. त्या दिवशी आली. "हाई मनी चूक शे," ते म्हणाले, ही माझी चूक आहे. मग चौकटीच्या वरच्या पट्टीवरून हात फिरवला आणि मामांना म्हणाले, "चहा सांगा तिघांना."

त्यानंतरच्या मे महिन्यासारखा महिना मी पुन्हा पाहिला नाही. सर सकाळी सातला यायचे. प्रत्येक वजनाला स्टीलवर काटा किती हलतो ते आधी मोजलं. मग तो आकडा माझ्या तीन वर्षांच्या एकेका मोजमापातून वजा करायचा. ते वाचायचे, मी लिहायची, मामा वजनं द्यायचे. सर परत ओरडायला लागले होते, आणि मला इतकं बरं वाटायचं! भोकरं पिकली, ताजा चिक आला, तो नव्यानं दाबला. सगळं वजा जाऊन चिक उठतच होता, पण जेमतेम. जगावेगळं त्यात काही राहिलं नाही. आपल्या साध्या डिंकाचा चुलतभाऊ निघाला. प्रबंध मात्र उभा राहिला. उलट चौकट वाकते आणि ती चूक कशी वजा करायची, हेच त्यातलं सगळ्यात धड प्रकरण झालं.

एकतीस मेला दुपारी निरोप समारंभ होता. त्याच्या आधी, सकाळी, मी बांधायच्या आधीची शेवटची प्रत घेऊन सरांपुढं उभी राहिले. सरांनी बाकी काही न बघता ते प्रकरण काढलं. तिथं मी फार विचार करून लिहिलं होतं की पूर्वीच्या काही संशोधकांच्या मोजमापात हा दोष राहून गेलेला दिसतो. सरांनी लाल पेन काढलं.

"कोण काही संशोधक?"

मी पान उलटायला हात पुढं केला.

"किती होते? मला तर एकच माहीत आहे."

"सर, राहू द्या ना तसंच," मी म्हटलं. "कोण वाचतंय ते?"

"कुणीतरी वाचेल. माझा निबंध आहे ना तिकडं छापलेला, तो काही आपोआप पुसला जात नाही. उद्या कुठंतरी एखादी पोरगी भोकर दाबायला घेईल. तिला तो सापडेल. खरा मानून ती तीन वर्षं घालवेल." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझी घालवली तशी."

"घालवली नाहीत, सर." एवढं म्हणताना माझा आवाज फुटला.

"रडायचं तर कागदापासून लांब," ते म्हणाले. त्यांचेही डोळे भरलेले होते.

त्यांनी 'पूर्वीच्या काही संशोधकांच्या' यावर लाल रेघ ओढली आणि वर लिहायला लागले. नुसत्या आडनावावर भागवलं नाही. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, निबंधाचं साल, नियतकालिकाचं नाव, पान क्रमांक. मग पहिल्या पानावर येऊन गाईडच्या जागी सही केली.

दुरुस्त करून काढलेल्या नव्या प्रतीवर सरांनी समारंभाआधी पुन्हा सही केली, ती विद्यापीठात गेली; ही लाल रेघेची प्रत मी बांधून घेतली नाही, माझ्याकडे ठेवली. सरांची सही नेहमी असायची तशीच आहे, एक वेलांटी आणि पुढं झटकलेली रेघ, बँकेनं दोनदा परत पाठवलेली. पण आतल्या प्रकरणात चुकीशेजारी त्यांनी जे नाव लिहिलंय, त्यातलं एकेक अक्षर सुटं, सावकाश आणि ठळक आहे, कुणालाही पहिल्या फटक्यात वाचता यावं असं.